आनुवंशिक कोलेस्टेरॉल: एका जनुकाचं आणि अनेक जनुकांचं

‘आमच्या घरात सगळ्यांचंच कोलेस्टेरॉल जास्त,’ असं म्हणणाऱ्या दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असू शकतात.

पहिली म्हणजे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच. यात बिघाड एकाच जनुकात असतो, बहुतेकदा एलडीएल रिसेप्टरच्या. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ज्यांना ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात. यकृताच्या पेशींवरचे हे रिसेप्टर रक्तातले एलडीएलचे कण पकडून आत ओढतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, की कामाचे रिसेप्टर साधारण निम्मेच उरतात आणि कण रक्तात फिरत राहतात, तेही जन्मापासून. हा रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. एफएच साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतं.

दुसऱ्या प्रकारात कुठलंही एक जनुक दोषी नसतं. अनेक जनुकांतले बारीक फरक एलडीएल थोडं थोडं चढवतात. त्यात वजन, आहार, वय यांची भर पडते. हा प्रकार कितीतरी जास्त आढळतो.

गोंधळ होतो तो रिपोर्टमुळे. दोघांचंही एलडीएल १९५ असेल, तर कागदावर काहीच फरक दिसत नाही. पण धोका सारखा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एलडीएल १३० च्या खाली असलेल्यांशी तुलना केली, तेव्हा १९० च्या वर एलडीएल असलेल्यांना हृदयविकाराचा धोका सहापट निघाला. एफएचचं जनुकही असेल, तर बावीसपट. आजचा आकडा तोच असला, तरी एफएचमध्ये धमन्यांनी तो लहानपणापासून सोसलेला असतो.

म्हणूनच सडपातळ, पथ्य सांभाळणारा माणूस आकडा उतरत नाही म्हणून स्वतःला बोल लावतो, तेव्हा फार वाईट वाटतं. त्याच्या टाचेमागची धोंडशीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी, रक्तवाहिनी नव्हे) हाताने चाचपून पाहावी: एफएचमध्ये तिथे कोलेस्टेरॉल साठून ती फुगीर, गाठाळ होऊ शकते. तशी नसली म्हणून एफएच नाही, असं मात्र नाही. जवळच्या नात्यात तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल, तर संशय बळावतो. जनुकतपासणीने बहुतेकदा निकाल लागतो.

औषध दोन्हींत मुख्यतः कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिनच, पण एफएचमध्ये ते लवकर आणि बहुधा जोडीला आणखी काही. मोठा फरक नातेवाइकांबाबत आहे. अनेक जनुकांचा वारसा पुढच्या पिढीत विखुरतो. एफएच मात्र प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. त्यामुळे एकाचं निदान झालं, की भावंडांचं आणि मुलांचंही एलडीएल तपासून घ्यायचं. मुलांना गरजेप्रमाणे आठ-दहा वर्षांच्या वयापासूनच स्टॅटिन सुरू करता येतं.