चुंबकाजवळ गॅस सेलचे रीडिंग का सरकते?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वायूची उष्णतावाहकता मोजणाऱ्या आमच्या तापत्या तारेच्या सेलबद्दल एक तक्रार ठरलेली आहे. "मॅग्नेट बंद असताना रीडिंग बरोबर येतं, चालू केला की सरकतं. सेल बदलून द्या." बहुतेक वेळा सेल बदलायची गरज नसते. रीडिंग सरकण्याची चार कारणे संभवतात. त्यांतली तीन तारेची किंवा वायूच्या प्रवाहाची आहेत आणि चौथे खुद्द रेणूंच्या गरगरण्यातून येते. चारही कारणांवरचे उपाय वेगळे असल्याने आधी कारण ओळखलेले बरे. त्यासाठी लागते ती आर्गॉनची एक बाटली.

सेल नेमके काय मोजतो

तार ठराविक तापमानाला टिकवायला किती वीज लागते, एवढेच ब्रिज, म्हणजे तारेचा रोध मोजणारे विद्युत मंडल, पाहतो. त्या विजेचा मोठा भाग वायूमधून भिंतीकडे जातो, म्हणून वायूची उष्णतावाहकता बदलली की रीडिंग बदलते. खोलीच्या तापमानाला हायड्रोजनची वाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे 0.18 वॅट असते, हेलियमची 0.15, नायट्रोजन व ऑक्सिजनची 0.026 आणि आर्गॉनची 0.018. कॅलिब्रेशन तक्त्यात आम्ही हेच आकडे धरतो. मात्र ते चुंबकीय क्षेत्र नसतानाचे आहेत.

आर्गॉनचा अणू ऊर्जा वाहून नेतो ती फक्त धावण्यातून. नायट्रोजनचा रेणू धावतो आणि धावता धावता स्वतःभोवती फिरतो, म्हणजे त्याच्याकडे ऊर्जेचे दोन खिसे आहेत. वेगवान रेणू धावण्याची ऊर्जा जास्त बाळगतो आणि ती लांबही नेतो. फिरण्याच्या ऊर्जेचा त्याच्या वेगाशी असा संबंध नसतो, म्हणून ती सरासरी गतीनेच पुढे सरकते. त्यामुळे उष्णतावाहकतेला श्यानता (वायूचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) आणि स्थिर आकारमानाची विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागले, तर आर्गॉनसाठी 2.5 येतात आणि नायट्रोजनसारख्या द्विअणू वायूसाठी सुमारे 1.9. हा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ ऑयकेन यांनी 1913 मध्ये मांडला. ढोबळ असला तरी रोजच्या कामाला तो अजून पुरतो.

एका खिशातली ऊर्जा दुसऱ्यात जायला टक्कर लागते. किती टकरींनंतर दोन्ही खिसे समतोलात येतात, यालाच फिरण्याचे रिलॅक्सेशन म्हणतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजनला खोलीच्या तापमानाला चार-पाच टकरी पुरतात. वातावरणाच्या दाबाला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला काही अब्ज टकरी खातो, म्हणजे हा समतोल नॅनोसेकंदाच्या आतच साधतो आणि तारेच्या सेलला त्याचा पत्ताही लागत नाही.

हायड्रोजन मात्र हट्टी आहे. त्याच्या फिरण्याच्या ऊर्जापातळ्या एकमेकींपासून फार लांब असतात आणि साध्या टकरीत दोन-दोन पायऱ्यांचीच उडी घेता येते. पॅरा-हायड्रोजनची (ज्याच्या रेणूतल्या दोन अणुकेंद्रांचे स्पिन एकमेकांच्या उलट असतात, त्या प्रकाराची) पहिली उडी सुमारे 510 केल्विनएवढ्या ऊर्जेची असते, खोलीतल्या सरासरी टकरीला ती जड जाते. म्हणून त्याला शेकड्यांत मोजाव्या एवढ्या टकरी लागतात. आमचा ध्वनिवेगावर चालणारा सेल घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वातावरणाच्या दाबाला हायड्रोजनचे हे रिलॅक्सेशन साधारण 10 मेगाहर्ट्‌झच्या आसपास आड येते, पण दाब शंभरपट उतरवला की तेच 100 किलोहर्ट्‌झवर येऊन बसते. त्याच्या वरच्या वारंवारतेला रेणूंचे फिरणे ध्वनिलहरीला साथ देईनासे होते आणि हायड्रोजन एकअणू वायूसारखा वागू लागतो. ध्वनीचा वेग तेव्हा नऊ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. वायूची शुद्धता बिघडली असे समजून लोक सिलिंडर परत पाठवतात ते अशा वेळी.

आता चुंबक

ऑक्सिजनची उष्णतावाहकता चुंबकीय क्षेत्रात किंचित घटते, हे हेरमान झेन्फ्टलेबेन यांनी 1930 मध्ये दाखवले. ऑक्सिजन समचुंबकीय आहे, त्याच्या रेणूत इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व असते, त्यामुळे हा त्याचाच खास गुण असेल असे बराच काळ मानले गेले. 1962 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या बेनाकर आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनसारख्या, ज्यांना चुंबक जवळजवळ ओळखतच नाही अशा वायूंच्या श्यानतेवरही क्षेत्राचा परिणाम दाखवला. आज त्याला दोघांच्या नावाने झेन्फ्टलेबेन-बेनाकर परिणाम म्हणतात.

रेणू लांबट असेल तर त्याची टक्कर कशी होईल, हे तो कोणत्या अक्षाभोवती फिरत उडतो आहे यावरही ठरते. वायूत उष्णतेचा प्रवाह असला की रेणूंचे फिरण्याचे अक्ष आणि उडण्याच्या दिशा यांच्यात थोडासा मेळ बसतो. सगळे अक्ष सारखे विखुरलेले राहत नाहीत. चुंबकीय क्षेत्र लावले की फिरता रेणू भोवऱ्यासारखा क्षेत्राभोवती डोलू लागतो आणि दोन टकरींच्या मधे त्याचा अक्ष दुसरीकडेच वळतो. बसलेला मेळ मोडतो, टकरींची सरासरी बदलते आणि उष्णतावाहकता व श्यानता बहुतेक वायूंत थोडी उतरते.

सगळा प्रश्न मग एवढाच उरतो, की दोन टकरींच्या मधे अक्षाला वळायला पुरेसा वेळ मिळतो का? म्हणून परिणाम नुसत्या क्षेत्रावर ठरत नाही, क्षेत्र भागिले दाब या गुणोत्तरावर ठरतो. नायट्रोजनचे फिरण्याचे चुंबकत्व अणुकेंद्राच्या मापाचे, म्हणजे फारच क्षीण आहे. 1 टेस्लाच्या क्षेत्रात त्याचा अक्ष सेकंदाला सुमारे 20 लाख फेऱ्या डोलतो. ऐकायला हे खूप वाटते, पण वातावरणाच्या दाबाला पुढची टक्कर इतक्या लवकर येते की तेवढ्यात अक्ष जेमतेम अंशाचा दहावा भाग वळतो. दाब 1 मिलिबारवर आणा, तोच अक्ष शंभर अंशांच्या घरात वळेल आणि परिणाम पूर्णत्वाकडे जाईल.

ऑक्सिजनमध्ये इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वामुळे हेच डोलणे साधारण हजारपट वेगाने होते. तिथे वातावरणाच्या दाबाला टेस्लाचे काही दशांश पुरतात, आणि 1 मिलिबारला मिलिटेस्लाच्या पातळीचे क्षेत्रही चालते. शेजारच्या आयन पंपाच्या चुंबकाचे बाहेर सांडलेले क्षेत्र तेवढे सहज असू शकते.

परिणामाचा आकार मात्र लहान आहे. उष्णतावाहकतेतली घट एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि गुणोत्तर कितीही वाढवले तरी एका मर्यादेला थांबते. हायड्रोजनचा रेणू टक्कर देताना जवळजवळ गोल वागतो, म्हणून त्यात ती नगण्य. आर्गॉन, हेलियम, निऑन यांत शून्य, कारण त्यांच्याकडे फिरणारे असे काही नाहीच. दहा टक्क्यांची चूक घेऊन कोणी आमच्याकडे आले आणि दोष झेन्फ्टलेबेनच्या माथी मारला, तर आम्ही ते मान्य करत नाही.

आर्गॉन भरून पाहा

म्हणून पहिली चाचणी ही. सेलमध्ये आर्गॉन भरा, दाब नेहमीचाच ठेवा आणि मॅग्नेट चालू-बंद करा. आर्गॉनमध्येही रीडिंग सरकत असेल तर वायू निर्दोष आहे, तारेकडे बघा.

तारेची दोन दुखणी असतात. सेलवरच्या लेबलवर तारेचा धातू लिहिलेला आहे. निकेल असेल तर ते लोहचुंबकीय आहे आणि त्याचा विद्युत रोध क्षेत्राच्या दिशेनुसार टक्का-दोन टक्के बदलू शकतो. ब्रिजला ते तापमान बदलल्यासारखेच दिसते. मॅग्नेटजवळ वापरायचा सेल नेहमी प्लॅटिनमच्या तारेचा घ्या, निकेलच्या स्वस्ताईला इथे भुलू नका. दुसरे दुखणे थरथरीचे. तारेतून प्रवाह जातो आणि क्षेत्र तारेला आडवे असेल तर तारेवर बाजूने बल पडते. ब्रिज उलटसुलट प्रवाहावर चालत असेल तर तार त्या तालावर कापते, वायू ढवळला जातो, तार जास्त थंड होते. सेल फिरवून तार क्षेत्राच्या दिशेत आणली की ही थरथर थांबते.

आर्गॉनमध्ये रीडिंग स्थिर आहे आणि ऑक्सिजनमध्ये सरकते, असे झाले तर दोन शक्यता राहतात आणि इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. ऑक्सिजन चुंबकाकडे खेचला जातो, गरम ऑक्सिजन कमी खेचला जातो. म्हणून क्षेत्र सगळीकडे सारखे नसेल तर थंड ऑक्सिजन जोरदार क्षेत्रात घुसतो, तारेजवळचा गरम ऑक्सिजन बाहेर ढकलतो आणि सेलमध्ये चक्क वारा सुटतो. काही ऑक्सिजन विश्लेषक याच वाऱ्यावर चालतात. नायट्रिक ऑक्साइडही समचुंबकीय असल्याने त्यातही हा प्रकार होतो. झेन्फ्टलेबेन परिणामाशी याचा संबंध नाही.

दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. वारा तार थंड करतो, म्हणून जास्त वीज लागते. रेणूंच्या डोलण्याने वाहकता घटते, म्हणून कमी वीज लागते. शिवाय दाब उतरवला की वारा झपाट्याने मरतो, पण रेणूंचा परिणाम मर्यादेला पोहोचेपर्यंत वाढतो. वीज कमी लागत असेल आणि दाब उतरवल्यावर फरक वाढत असेल, तर तुम्हाला दिसते आहे ती रेणूंचीच करामत.

अशा वेळी सेलची दिशा पुन्हा महत्त्वाची ठरते. क्षेत्र उष्णतेच्या प्रवाहाला आडवे असताना मर्यादेची घट क्षेत्र प्रवाहाच्या दिशेत असतानाच्या दीडपट असते. तार क्षेत्राच्या दिशेत ठेवली की थरथर थांबते, पण उष्णता तारेपासून चहूबाजूंनी बाहेर जात असल्याने क्षेत्र तिला सर्वत्र आडवे पडते आणि घट पूर्ण येते. आमचे मत असे, की तरीही तार क्षेत्राच्या दिशेतच ठेवावी. स्थिर घट दुरुस्तीच्या तक्त्यात बसवता येते, थरथर बसवता येत नाही.

फार कमी दाबाला हा हिशेब लागू होत नाही. 1 मिलिबारला नायट्रोजनच्या रेणूचा मुक्त पथ, म्हणजे दोन टकरींमधले सरासरी अंतर, सुमारे 66 मायक्रोमीटर असतो. दाब त्याच्या शंभरपट खाली गेला की रेणू एकमेकांना क्वचितच भेटतात, तारेवरून थेट भिंतीवर आदळतात, आणि मेळ बसण्या-मोडण्याला अर्थ उरत नाही. तिथेही भिंती आणि क्षेत्र मिळून काही नवल घडवतात. विरळ वायूत टांगलेल्या तापलेल्या दंडगोलाला क्षेत्रात पीळ बसतो, हे 1967 मध्ये स्कॉट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. आमच्या सेलच्या रीडिंगवर त्याचा उपद्रव नाही.

तक्रार नोंदवताना वायूचे नाव, दाब, तारेचा धातू आणि तार क्षेत्राच्या दिशेत आहे की आडवी, हे लिहा. मॅग्नेट चालू केल्यावर वीज वाढली की घटली आणि आर्गॉनमध्ये काय झाले, तेही लिहा. जमल्यास क्षेत्र उलट करून घेतलेले रीडिंग जोडा. या माहितीवरून सेल परत मागवायचा की दुरुस्तीचा तक्ता पाठवायचा, हे आम्हाला लगेच ठरवता येते.