समुद्रतळाला लावलेला कान

वास्कोच्या हेडलँड सड्यावरचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात बहुतेकांना ठाऊक आहे ते अंटार्क्टिकाच्या मोहिमांमुळे. याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये हिंदी महासागरात, पार तळाशी, भूकंपमापक नेऊन ठेवले. हेतू भूकंपाचा इशारा देण्याचा नव्हता. समुद्रतळाखाली शेकडो किलोमीटर खोल, प्रावरणात, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्या मधल्या थरात काय आहे, ते त्यांना ऐकायचं होतं. या ऐकण्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचं पहिलं मोठं पान भारतातल्याच भूकंपावर लिहिलं गेलं. आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१२ जून १८९७ रोजी आसाम आणि शिलाँगचं पठार हादरलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा तपशीलवार अहवाल लिहिला. पडझड, भेगा, उसळलेले दगड, सगळं त्यात आलं. पण भारतात तेव्हा भूकंपमापकच नव्हता. लहरींच्या नोंदी उमटल्या होत्या हजारो किलोमीटर दूर, युरोपातल्या यंत्रांवर. त्या नोंदी तपासताना ओल्डहॅम यांना दिसलं की एकाच धक्क्याची वर्दी तीनदा येते. आधी वेगवान प्राथमिक लहरी, मग दुय्यम लहरी, शेवटी पृष्ठभागावरून येणाऱ्या संथ आणि मोठ्या लहरी. पुढे १९०६ मध्ये, दूरच्या ठिकाणी या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात यावरून, पृथ्वीच्या पोटात वेगळ्या पदार्थाचा गाभा असला पाहिजे असं त्यांनी मांडलं. म्हणजे हादरा आपल्या भूमीत बसला आणि कान मात्र युरोपात होते. १ डिसेंबर १८९८ ला कोलकात्याच्या अलीपूर वेधशाळेत यंत्र बसलं, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. ८ ऑक्टोबर १९०९ च्या झाग्रेबजवळच्या भूकंपावरून आंद्रिया मोहोरोविचिच यांनी भूकवचाची खालची सीमा ओळखली. गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो, हे काही वर्षांतच बेनो गुटेनबर्ग यांनी दाखवलं. या दोन सीमांच्या मधलं ते प्रावरण. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग तेच व्यापतं. शाळेच्या चित्रांत ते लालभडक रंगवतात, म्हणून अनेकांना वाटतं की खाली लाव्हाचा समुद्र आहे. तसं मुळीच नाही. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि प्रावरणातून मात्र त्या आरपार जातात, अर्थात ते घन आहे. हा घन खडक वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने वाहतो आणि कोट्यवधी वर्षांत खंडांना कुठल्या कुठे नेऊन ठेवतो.

लहरींवरून आतली स्थिती कळते कशी? आपल्याकडे फणस थापटून पाहतात. कच्च्या फणसाचा आवाज खणखणीत येतो, पिकलेल्याचा बद्द. प्रावरणाचंही काहीसं तसंच आहे. थंड, घट्ट खडकातून लहर वेगाने जाते, तप्त खडकात ती रेंगाळते. हा फरक बहुधा एक-दोन टक्क्यांचाच असतो, पण हजारो किलोमीटरच्या प्रवासानंतर तो पोहोचण्याच्या वेळेत सेकंदांनी दिसतो. एका लहरीवरून काही ठरत नाही. निरनिराळ्या दिशांनी आलेल्या हजारो लहरींचा उशीर एकत्र मांडला तर आतल्या तप्त आणि थंड भागांचं चित्र उभं राहतं. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखी ही रीत १९७० च्या दशकात केइती आकी आणि अ‍ॅडम जिवोन्स्की यांच्यासारख्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी घडवली. त्यासाठी लागणारी एकसारखी यंत्रं १९६० च्या दशकातच जगभर बसली होती. अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी उभारलेल्या त्या जाळ्यात आपलं पुणेही होतं.

या चित्रांत भारताखाली, प्रावरणात खोलवर, थंड खडकाचे प्रचंड तुकडे दिसले. भारत उत्तरेकडे सरकत असताना वाटेत असलेल्या टेथिस समुद्राचा तो बुडालेला तळ. हिमालय झाला, समुद्र गेला, पण त्याचा तळ खाली अजून शाबूत आहे, ही गोष्ट मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत विलक्षण वाटते.

महासागरांखालचं चित्र मात्र धूसर राहिलं, कारण यंत्रं जमिनीवर होती. हिंदी महासागरात तर एक मोठं कोडं अनेक वर्षं पडून होतं. १९४८ मध्ये डच भूभौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स व्हेनिंग माइनेस यांना जहाजावरून गुरुत्वाकर्षण मोजताना आढळलं की श्रीलंकेच्या दक्षिणेकडे ते कमी भरतं. परिणामी तिथली समुद्रसपाटी पृथ्वीच्या आदर्श आकारापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. डोळ्यांना हा खळगा दिसत नाही, जहाजाला उतारही जाणवत नाही, कारण पाणी गुरुत्वाकर्षणाच्याच सपाटीवर स्थिरावतं. खाली कुठेतरी वस्तुमान कमी आहे, एवढं नक्की. ते कुठे आणि का, हा प्रश्न होता.

समुद्रतळावरची यंत्रं काय दाखवू शकतात, याचं उदाहरण याच महासागरात आहे. २०१२-१३ मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी रियुनियन बेटाच्या आसपास ५७ भूकंपमापक तळाशी ठेवले. त्या बेटाखालून येणाऱ्या तप्त प्रवाहाशी आपलं जुनं नातं आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत त्याच्यावरून जात असताना दख्खनचा बेसॉल्ट ओतला गेला, सह्याद्रीचा काळा कातळ तोच. त्या कातळाची दक्षिणेकडची कड गोव्यात सत्तरीच्या बाजूला येऊन टेकते. तळावरच्या नोंदींतून हा प्रवाह गाभ्याच्या सीमेपासून सरळ खांबासारखा नव्हे, तर झाडासारख्या फांद्या फोडत वर येतो असं चित्र २०२१ मध्ये पुढे आलं.

हे काम कष्टाचं आहे. यंत्र वजन बांधून पाण्यात सोडतात, ते काही किलोमीटर खाली जाऊन बसतं आणि महिनोन्‌महिने एकटंच ऐकत राहतं. तिथे उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही, त्यामुळे त्याचं घड्याळ किंचित जरी पुढे-मागे झालं तरी हिशेब बिघडतो. मग जहाज परत जातं, ध्वनीचा इशारा देतं, वजन सुटतं आणि यंत्र वर येतं. नीट नोंद झाली की नाही, ते हाती आल्यावरच कळतं. त्यात समुद्राची स्वतःची थरथर वेगळी. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की ती किनाऱ्यावरच्या यंत्रांवरही अखंड उमटते.

२०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी श्रीलंकेच्या दक्षिणेकडच्या त्या खळग्याचं एक उत्तर मांडलं. गेल्या १४ कोटी वर्षांतल्या प्रावरणाच्या हालचाली त्यांनी संगणकावर १९ वेगवेगळ्या प्रकारे चालवून पाहिल्या. टेथिसचा तळ बुडत गेला, त्याने आफ्रिकेखालच्या खोल, तप्त राशीला ढवळलं, आणि तिथून उठलेले हलके प्रवाह या भागाखाली पसरले, असा त्याचा मथितार्थ. हे हलकं द्रव्य ३०० ते ९०० किलोमीटर खोलीवर असावं असं ते सांगतात. त्या खोलीतून जाणाऱ्या लहरी खरोखरच रेंगाळतात का, याची पडताळणी संगणक करू शकत नाही. त्यासाठी वास्कोच्या केंद्राने ठेवले तशा, त्या समुद्राच्या तळावरच्या यंत्रांच्या नोंदीच वाचाव्या लागतील.