टायमिंग चेन आणि टायमिंग बेल्ट: काम एकच, जात वेगळी

मागच्या रविवारी मामेभाऊ भांडुपला आमच्याकडे आला तो हातात गॅरेजचं एस्टिमेट घेऊनच. त्यावर लिहिलेलं, ‘टायमिंग बेल्ट किट, मजुरीसह’. तक्रार काय, तर सकाळी गाडी सुरू करताना आवाज येतो. गाडी स्विफ्ट, १.२ पेट्रोल, के-सिरीज इंजिन. त्या इंजिनात टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. गॅरेजला फोन लावला, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “तेच हो साहेब, एकच गोष्ट.”

काम एकच, हे खरं. खाली क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे झाले की वर कॅमचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) बरोबर एक फेरा व्हायला हवा, म्हणजे वॉल्व्ह, अर्थात इंजिनाच्या झडपा, वेळेवर उघडतात आणि मिटतात. या दोन दांड्यांना जोडते ती चेन किंवा बेल्ट. बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन आणि उघडा वॉल्व्ह एकाच जागेवर हक्क सांगतात. टायमिंग गेलं की टक्कर, वॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं. इथपर्यंत दोघं सख्खे भाऊ.

पुढे मात्र सगळं उलटं. चेन पोलादी, इंजिनाच्या पोटात, तेलात न्हालेली. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्याच दाबावर चालतो. बेल्ट रबराचा, आत काचतंतूंचे दोर, आणि तो प्लॅस्टिकच्या कव्हराखाली कोरडा फिरतो. तेल कमी पडलं किंवा काळं पडलं की चेन झिजते. क्रँकच्या सीलमधून तेच तेल गळून बेल्टवर पडलं, तर बेल्ट फुगतो आणि खराब होतो. एकाचं अन्न ते दुसऱ्याचं विष. (अपवाद आहेत. फोर्डच्या सुरुवातीच्या १.० इकोबूस्ट इंजिनात बेल्टच तेलात चालतो, म्हणून तिथे कंपनीने सांगितलेलंच ऑइल हवं.)

‘चेन ताणली’ असं मिस्त्री म्हणतात, पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन केसभर झिजते आणि शंभरेक कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. म्हणून ती आधी सांगते: रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की दोन-तीन सेकंद खडखड, मग ऑइलचा दाब आला की गप्प. ही खडखड रोज वाढायला लागली की दुर्लक्ष करू नये. बेल्ट बिचारा सहसा काहीच बोलत नाही. आज ठीक, उद्या फ्रीवेवर तुटला. त्यामुळे चेनचं ऐकायचं आणि बेल्टची तारीख पाळायची. तारीख मॅन्युअलमध्ये असते, किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही. जे आधी येईल ते.

आणि इथे मुंबईकर फसतो. ईस्टर्न एक्स्प्रेसवर तासभर रांगल्यावर मीटर जेमतेम बारा-पंधरा किलोमीटर पुढे सरकतो. ‘गाडी कमी चाललीय’ म्हणून आपण निवांत. पण रबर वर्षं मोजतं, आणि ऑइल इंजिन चालू असलेले तास मोजतं. सिग्नलवर घालवलेले तास मीटरवर कुठेच दिसत नाहीत. मी स्वतः ऑइल दहा हजार किलोमीटरची वाट न बघता आधीच बदलतो.

आपल्या गाडीत काय आहे? मॅन्युअलच्या देखभालीच्या तक्त्यात ‘टायमिंग बेल्ट’ अशी ओळ असली तर बेल्ट. बॉनेट उघडूनही अंदाज येतो: इंजिनाच्या कडेला हलकं प्लॅस्टिकचं कव्हर दिसलं तर बहुधा बेल्ट, ॲल्युमिनियमचं, चहूबाजूंनी बोल्ट आणि सिलिकॉनने बंद केलेलं कव्हर असलं तर चेन. मारुती ८०० आणि जुनी सँट्रो बेल्टवाल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शहरभर फिरलेली पद्मिनी चेनवाली. तेव्हा ‘चेन म्हणजे नवं तंत्र’ हा समजही सोडा.

आता घरी बदलायचं म्हणाल, तर कोरडा बेल्ट हात बसलेल्या माणसाला जमतो. सोबत टेन्शनर बदलायचाच, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असला तर तोही. चेनला मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये हात घालू नका. त्या कामात आधी ऑइल काढा, इंजिनाला खालून आधार देऊन एका बाजूचं फाउंडेशन (इंजिन गाडीला जोडणारी पकड) सोडा, काही इंजिनांत खालचं ऑइलचं चेंबरही उतरवा. क्रँक पुलीचा बोल्ट तर लांब दांडीशिवाय हलत नाही. एवढं होईपर्यंत सेक्रेटरी दोनदा खाली येऊन गेलेले असतात.

तरी कुणी करत असेल, तर त्याच्या शेजारी उभं राहून एवढं बघा. चेनच्या रंगीत कड्या (जुळवणीसाठी रंगवलेल्या) क्रँक-कॅमच्या गिअरवरच्या खुणांवर बसल्या, टेन्शनर दाबून धरणारी पिन ओढली, की किल्ली लगेच मारायची नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. मध्ये काही अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. अडलेला बहुधा वॉल्व्ह असतो. दोन फेऱ्यांनंतर गिअरच्या खुणा परत जागेवर यायला हव्यात. रंगीत कड्या येणार नाहीत, त्या पुढे सरकलेल्या असतात. ते पाहून घाबरून सगळं पुन्हा खोलणारे मी पाहिलेत.

मामेभावाच्या गाडीचं विचाराल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन त्यालाच सुरू करायला लावलं. खडखड नव्हतीच. चीं-चीं होती, तीही बाहेरून. पाण्याची बाटली घेऊन बाहेरच्या फॅन बेल्टवर, हात लांब ठेवून, दोन थेंब उडवले आणि चीं-चीं क्षणभर थांबली. अल्टरनेटर फिरवणारा तो बेल्ट. टायमिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. एस्टिमेटच्या मागच्या बाजूला मी त्याला फॅन बेल्टचा नंबर लिहून दिला.