मधू दंडवते: उघड्या फळीपासून कोकण रेल्वेपर्यंत

आज स्लीपर कोचमध्ये आडवं होताना बर्थवर गादी असते हे कुणाच्या लक्षात पण येत नाही, पण 1977 पर्यंत सेकंड क्लासच्या प्रवाशाला नुसती लाकडी फळी मिळायची आणि दोन रात्रींचा प्रवास त्या फळीवर काढायचा म्हणजे उतरल्यावर पाठ आणि कंबर दोन्ही बोलायला लागायचे. हे बदललं ते मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर.

दंडवते मूळचे अहमदनगरचे, जन्म 21 जानेवारी 1924. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजला फिजिक्स शिकवायचे, आणि राजकारण पक्कं समाजवादी. जानेवारी 1971 मध्ये बॅ. नाथ पै अचानक गेले आणि राजापूरची जागा मोकळी झाली, तिथून दंडवते उभे राहिले आणि इंदिरा लाटेतही निवडून आले. मग 1977, 1980, 1984, 1989, सलग पाच वेळा. 1984 ला काँग्रेसने देशभर बाकीच्यांचा धुव्वा उडवला होता तेव्हाही कोकणाने यांना सोडलं नाही, हे मला तरी फार मोठं वाटतं.

मधे आणीबाणी. जून 1975 मध्ये वाजपेयी, अडवाणी आणि दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते, तिथेच तिघांना उचललं. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात, हे बंगळूरच्या. (पुढे 1980 ला दोघं एकाच वेळी लोकसभेत होते.)

तुरुंगातून सुटून थेट मोरारजींच्या मंत्रिमंडळात, खातं रेल्वे. 1974 च्या संपात ज्या कामगारांना कामावरून काढलं होतं त्यांना परत घ्यायचा निर्णय आधी, मग प्रवाशांकडे मोर्चा. 26 डिसेंबर 1977 ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात फर्स्ट क्लासच नव्हता, सगळी गाडी एकाच वर्गाची. फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या त्याही याच काळात. फर्स्ट क्लासवाल्यांचं काही काढून घ्यायचं नव्हतं, खालच्याला वर आणायचं होतं, आणि समाजवाद भाषणात सांगण्यापेक्षा असा पाठीला लागलेला बरा. रेल्वेच्या कॉम्प्युटरायझेशनची सुरुवातही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. 1979 ला सरकार पडलं, म्हणजे हे सगळं जेमतेम सव्वादोन वर्षांत.

आता कोकण रेल्वे. मतदारसंघ राजापूर, आणि तिथे रेल्वेचा पत्ता नाही, मुंबईचा चाकरमानी एसटीने घाट उतरत गावाला जायचा. मागणी कित्येक वर्षांची, पण रेल्वेच्या बजेटमधून वर्षाला थोडे थोडे पैसे टाकत बसलं तर पिढ्या जातील हे उघड होतं. 1989 ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं आणि पत्ते जुळले: दंडवते अर्थमंत्री, रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे आणि नियोजन आयोगावर रामकृष्ण हेगडे. तिघांपैकी दोघं कर्नाटकातले, एक कोकणचा खासदार. मग वेगळी कंपनीच काढायची ठरली, 51 टक्के भांडवल रेल्वेचं, 22 महाराष्ट्राचं, 15 कर्नाटकाचं, गोवा आणि केरळ 6-6, बाकीचा पैसा बाँड काढून बाजारातून उभा करायचा. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, प्रमुख ई. श्रीधरन. श्रेय कुणाचं यावर अजून भांडणं होतात, पण अर्थखातं आडवं आलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं एवढं नक्की. नोव्हेंबरात सरकारही गेलं, म्हणजे वर्षभराच्या आत उरकलेलं काम.

आणि गंमत बघा, 1991 च्या निवडणुकीत राजापूरने त्यांना पाडलं. ज्या रेल्वेसाठी इतकी वर्षं डोकं लावलं तिचं काम कोकणात सुरू झालं आणि हे लोकसभेबाहेर. नंतर 1996 ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि 26 जानेवारी 1998 ला रोहा ते ठोकूर पूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा ते त्याच खुर्चीत होते.