पैलवानाचा कान

कोल्हापुरात एखाद्या जुन्या तालमीत गेलात तर वस्तादांच्या कानांकडे नीट बघा. खालची पाळी ठीक असते, पण वरची कमान गायब. तिथल्या घड्या, खाचा सगळ्या बुजून आल्याच्या गड्ड्यासारखं काहीतरी टणक, वेडंवाकडं झालेलं असतं. माझ्या ओळखीच्या एका वस्तादांचं मनगटही तरुणपणी मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर, नंतर थोडे दिवस शेक, आणि आज कुठलं मनगट मोडलं होतं ते त्यांना आठवून सांगावं लागतं. कान मात्र त्याच सुमारास चुरगळला तो आजतागायत तसाच. "हाड जुळलं, पर कान काय जुळला न्हाई," असं ते हसत सांगतात.

मोडलं ते जुळलं, चुरगळलं ते राहिलं. या फरकाच्या मुळाशी रक्त आहे.

कान वाकवला तर वाकतो आणि सोडला की पुन्हा उभा राहतो, तो कूर्चेमुळे. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव कास्थी, आणि गुडघ्यात झिजायला लागली की आपण तिला 'गादी' म्हणतो. कानातल्या कूर्चेत लवचीक तंतूंचं दाट जाळं असतं, म्हणून मास्तरांनी कितीही पिळला तरी कान जागेवर येतो. नाकाचा शेंडा, श्वासनलिकेच्या कड्या, फासळ्यांची पुढची टोकं आणि सांधे इथे असते ती काचेसारखी गुळगुळीत जात. मणक्यांमधल्या चकत्यांत तिसरी, राठ आणि तंतूंनी गच्च भरलेली. तिन्हींत साम्य एवढंच की आत रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीतच. पेशी थोड्या, आणि त्याही एकेकट्या किंवा दोघी-तिघी आपापल्या खोलीत बसलेल्या. त्यांचं अन्न बाहेरून पाझरत येतं. कानात ते येतं कूर्चेला चिकटलेल्या पातळ पडद्यातून.

कुस्तीत डोक्याला डोकं घासतं तेव्हा हा पडदा कूर्चेपासून सुटतो आणि मधल्या फटीत रक्त साठतं. रक्त आलं खरं, पण ते साचलेलं रक्त, वाहतं नव्हे. त्याने उलट कूर्चेचा पाझर तोडला. खालच्या पेशी उपाशी मरतात आणि वरचा पडदा घाईघाईने, कसलाही आकार न धरता नवा राठ भराव टाकतो. हाच तो गड्डा. सुरुवातीच्या काही दिवसांत डॉक्टरांनी रक्त काढून कान दाबून बांधला तर तो वाचू शकतो. तालमीत मात्र त्यासाठी कोण धावतंय? तिथे असा कान म्हणजे मिरवायची वस्तू.

ज्यांच्या घरात बुगडी किंवा भिकबाळी घालतात त्यांना याचाच सौम्य अवतार माहीत असेल. पाळीत कूर्चा नसते, नुसती कातडी आणि चरबी. म्हणून बाळाचे टोचलेले कान काही आठवड्यांत बरे होतात. बुगडीचं भोक कूर्चेतून जातं. ते भरायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तिथे पू झाला तर रक्तातून जाणारं औषधही सहजी पोचत नाही.

हाडाचं सगळंच उलट. आपल्याला ते वठलेल्या लाकडासारखं निर्जीव वाटतं, कारण आपण हाड बघतो ते मेल्यावर. घरी एक प्रयोग करून बघा: कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, मध्ये एकदा व्हिनेगर बदलायचं. बाहेर काढलं की ते रबरासारखं वाकतं. आम्लाने कॅल्शियमचा क्षार विरघळवून नेला आणि उरलं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं चिवट विणकाम. याच्या उलटा प्रकार आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असतो, अस्थी सावडताना. तिथे आगीने प्रथिन जाळलेलं असतं आणि क्षार शिल्लक असतो: पांढरा, हलका, बोटांनी चुरा होणारा. जिवंत हाडात हे दोन्ही एकमेकांत मुरलेले असतात, वजनाने साधारण दोनतृतीयांश क्षार. म्हणून ते ना वाकतं, ना सहज तडकतं.

आणि त्यात रक्त खेळतं. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ साली हाडातल्या बारीक नळ्यांचं वर्णन केलं. यांतून मज्जेचं तेल झिरपतं असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांतून रक्तवाहिन्या जातात आणि प्रत्येक नळीभोवती क्षाराची वलयं असतात, झाडाच्या खोडात दिसतात तशी. वलयांत अडकून राहिलेल्या पेशी केसाहून बारीक वाटांनी एकमेकींना निरोप देतात. व्हिनेगरने बाटलीत जे केलं ते काम शरीरात हाड खाणाऱ्या पेशी रोज करतात: आम्ल सोडायचं, जुनं हाड विरघळवायचं. मागोमाग हाड घडवणाऱ्या पेशी खड्डा भरत येतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा बदलतो. जिथे भार जास्त तिथे भरणी जास्त. अंतराळवीरांच्या बाबतीत उलटं होतं. भार नसल्याने त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याहून जास्त घटतं.

आता मनगट मोडलं तेव्हा काय झालं ते बघू, कारण गंमत तिथेच आहे. तुटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते. वाहिन्या फाटलेल्या, प्राणवायू कमी. अशा जागी हाडाच्या पेशींचा निभाव लागत नाही. मग शरीर तिथे आधी चक्क कूर्चा बनवतं, कारण कमी प्राणवायूत राहायची तिला सवयच आहे. स्लॅब टाकण्याआधी सेंट्रिंग बांधावं तसं. नंतर त्यात रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चा हटते आणि तिच्या जागी हाड येतं.

ही युक्ती नवी नाही. पोटातल्या बाळाचा बराचसा सांगाडा आधी कूर्चेचाच असतो. मालवणात मोरीचं मटण खाताना काटे लागत नाहीत ते यामुळेच: मोरी म्हणजे शार्कच, आणि या जातीच्या माशांचा सांगाडा आयुष्यभर कूर्चेचाच राहतो. आपल्यातही वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी उरते आणि उंची तिथेच वाढते. १६ वर्षांखालच्या मुलांचं वय तपासायला बीसीसीआय मनगटाचा एक्स-रे काढते तो अशा पट्ट्या आणि हाडं कितपत पक्की झाली हे पाहायला.

मग हेच शरीर गुडघ्यात कूर्चा का बनवत नाही? सांध्यातला थर २ ते ४ मिलिमीटरचा, त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी. पाय टेकला की पाणी थोडं पिळून निघतं, उचलला की परत शिरतं आणि येताना सांध्यातल्या वंगणातून अन्न आणतं. चालणं हेच तिचं जेवण. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. डॉक्टर 'गॅप कमी झालाय' म्हणतात तेव्हा ती न दिसणारी गादीच पातळ झालेली असते. कानातल्या कूर्चेला निदान वरचा पडदा होता, सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तोही नाही. लंडनच्या विल्यम हंटर या वैद्याने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की ही कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही.

१९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच गुडघ्यातल्या निरोगी भागातून कूर्चेच्या पेशी घेऊन, प्रयोगशाळेत वाढवून, खड्ड्यात परत रुजवल्याचं प्रसिद्ध केलं. उपचार महागडा, आणि सगळ्याच गुडघ्यांना चालणारा नाही. त्याहून साधी पद्धत म्हणजे कूर्चा गेलेल्या जागी खालच्या हाडाला टोकदार हत्याराने बारीक बारीक भोकं पाडायची. मज्जेतलं रक्त वर येतं, त्यासोबत नव्या पेशी येतात आणि खड्डा भरतो. पण भरून येते ती मूळची काचेसारखी कूर्चा नसते, बहुतांशी राठ, तंतुमय जात असते. वस्तादांच्या कानातल्या गड्ड्याची भाऊबंदच म्हणा.