पोर्टिंग आणि पॉलिशिंग: हेडचे पैसे नेमके कशाचे?

नोव्हेंबरात वागातोरला मोटोव्हर्स (रॉयल एनफिल्डचा मेळा) भरायची वेळ आली की गोव्यातल्या बुलेटवाल्यांना ‘पोर्ट-पॉलिश’ आठवतं, म्हणजे इंजिनाच्या हेडमधल्या (वरच्या भागातल्या) हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा, अर्थात पोर्ट, घासून घेणं. बिलातही दोन्ही शब्द एकाच ओळीत येतात. कामं मात्र वेगळी आहेत, आणि इंजिनाचा जोर वाढला तर तो बहुतेक पहिल्यामुळे.

पोर्टिंगमध्ये हवेच्या वाटेचा आकार बदलतो, पॉलिशिंगमध्ये त्याच वाटेची भिंत गुळगुळीत होते. गिऱ्हाइकाला दिसतं ते दुसरं. पोर्टचं तोंड लखलखलं की पैसे वसूल! पण हवा तोंडाशी फारशी अडत नाही. ती अडते आत, व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कड्याच्या) मागच्या खोलगट भागात आणि पोर्ट व्हॉल्व्हकडे वळतो तिथल्या आखूड बाजूला. त्या वळणावर हवा भिंत सोडते आणि भोवरे तयार होतात. जाणता कारागीर आपला वेळ इथेच घालवतो: वळण हलकेच गोलावतो, गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीभोवतीचा) उंचवटा निमुळता करतो, सीट ३०, ४५ आणि ६० अंशांच्या तीन कोनांत कापतो. जास्त घासलं गेलं तर वेल्डिंगने धातू भरून सगळं पुन्हा मशिनिंग करावं लागतं. त्यापेक्षा दुसरं हेड बघितलेलं बरं.

पोर्ट जितका मोठा तितकी ताकद जास्त, हा समज महागात पडतो. वाट रुंदावली की हवेचा वेग घटतो, कमी आरपीएमला सिलिंडर नीट भरत नाही आणि पिकअप मार खातो. बार्देशातल्या अरुंद रस्त्यांवर गाडी लाल रेषेपर्यंत जाते कितीदा? चोर्ला घाटातही मधला टॉर्कच कामाला येतो. पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) गाडीला कुणी पोर्टिंग सुचवलं तर हसून सोडून द्यावं.

पॉलिशचा उपयोग एक्झॉस्टला (धूर बाहेर पडण्याच्या वाटेला), कारण तिथे कार्बन कमी धरतो. इनटेकला (हवा आत येण्याच्या वाटेला), कार्ब्युरेटर असो वा पोर्ट इंजेक्शन, थोडा खरखरीतपणा मुद्दाम ठेवतात; चकचकीत भिंतीवर पेट्रोल साचून ओघळण्याची शक्यता असते.

आरएक्स १०० वाल्यांनो, तुमच्या ९८ सीसीच्या टू-स्ट्रोकला हेडमध्ये पोर्ट नसतातच, ते सिलिंडरच्या भिंतीत असतात. ‘हेड पोर्टिंग’चा दर सांगणाऱ्याकडून गाडी परत आणा.

आता खर्च. हाताच्या कामात पैसे तासांचे असतात. जुन्या ३४६ सीसीच्या बुलेटला दोन व्हॉल्व्ह, ६४८ सीसीच्या इंटरसेप्टरला आठ. दोन्हीला एकच दर असेल तर कारागीर आत काय करणार आहे ते आधी विचारा. सीएनसीत (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) एकदा पोर्टचं मोजमाप घेऊन प्रोग्रॅम बनवावा लागतो. एकसारखी बरीच हेड असतील तर तो खर्च वाटला जातो, एकट्या बुलेटसाठी अंगावर येतो. शिवाय मूळ पोर्टचा आकारच चुकला असेल तर मशीन तीच चूक प्रत्येक हेडवर तंतोतंत उतरवतं.

दर्जा डोळ्यांनी ठरत नाही. फ्लो बेंचवर (पोर्टमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्रावर), सहसा २८ इंच पाण्याच्या दाबाला, व्हॉल्व्ह थोडा-थोडा उघडत कामाआधीचे आणि नंतरचे आकडे मागा. नुसता शेवटचा मोठा आकडा पुरत नाही, कारण व्हॉल्व्ह पूर्ण उघडा क्षणभरच असतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि सायलेन्सर कंपनीचेच ठेवणार असाल तर चांगल्या पोर्टिंगचाही फायदा बेताचा. आकडे मिळणार नसतील तर गाइड तपासून, सीट कापून, व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून नीट बसवून) घ्या आणि पोर्टला ग्राइंडर लावू देऊ नका.