पिस्तूल लहान, झटका महान

दर जानेवारीत लास वेगासला शॉट शो हे बंदुकांचं प्रदर्शन भरतं आणि मग यूट्यूबवर खिशात मावणाऱ्या स्वस्त पिस्तुलांचा नुसता पूर येतो. असाच एका नव्या ९ एमएमचा (म्हणजे ९ मिलिमीटर जाडीची गोळी झाडणाऱ्या पिस्तुलाचा) व्हिडिओ आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर फिरला, वजन जेमतेम अर्धा किलो, वर टायटल 'झीरो रिकॉइल', म्हणजे मागं बसणारा धक्का शून्य, आणि खाली लगेच एकाचं सुरू, बायकांना एकदम बेस्ट रे, पिस्तूल लहान म्हणजे धक्का पण लहान.

उलटं आहे ते. रायबंदरला होडीतून धक्क्यावर उडी मारा, होडी सरकन मागं जाते, तीच उडी फेरीबोटीतून मारली तर बोटीला पत्ताच लागत नाही. इथं उडी मारते साडेसात ग्रॅमची गोळी, सेकंदाला ३४० मीटरनं, पाठोपाठ गरम वायू. अर्धा किलोचं पिस्तूल साधारण ६ मीटर वेगानं मागं येणार, एक किलोचं ३ नं. वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट, न्यूटनकडे डिस्काउंट नाही.

खरी गंमत आत आहे. काडतुसात दाब चढतो २३०० बारच्या घरात, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास तेवढ्या पट, तेव्हा मागचं दार उघडलं तर काडतुसाची पितळी पुंगळी फाटून हातात येईल. म्हणून जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-रचनाकारानं काय केलं, तर नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागं-पुढं सरकणारा भाग, एकमेकांत अडकवून टाकली, दोघी जोडीनं मागं सरकतात, आणि गोळी नळीत असते तो अर्धा मिलिसेकंद संपेस्तोवर त्यांनी जेमतेम दीडदोन मिलिमीटर कापलेले असतात. गोळी गेली, दाब पडला, की नळीचं मागचं टोक खाली झुकतं, खाच सुटते, स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि येताना नवं काडतूस घेऊन येते. शंभरेक वर्षं झाली, आजही बहुतेक ९ एमएम हेच करतात.

आता पिस्तूल छोटं केलं की स्लाइड हलकी, म्हणजे वेग जास्त, आणि थांबायला जागा कमी. मग स्प्रिंग कडक घालावी लागते, बऱ्याचदा एकात एक दोन. त्यामुळे 'नाजूक हातांसाठी' म्हणून विकलेल्या पिस्तुलाची स्लाइड, जी पहिलं काडतूस भरायला हातानंच मागं ओढावी लागते, ती नाजूक हातांना ओढताच येत नाही!

स्वस्ताई येते ती मुख्यतः साच्यात ओतलेल्या पॉलिमर (प्लास्टिकच्या) फ्रेममधून, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यातून, आणि ती चांगली गोष्ट आहे, आमच्या खाऱ्या हवेत ती गंजत नाही. स्लाइड मात्र पोलादीच. दसऱ्याला पूजा केली की नेम चुकत नाही म्हणणारे इथं आहेत, नेमाचं ते बघून घेतील, पण ओलं कुंकू पुसून तेलाचा हात फिरवा.

बाकी ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या मापाचं, साध्या लायसन्सवर मिळत नाही. मिळतं ते .३२ (हे माप इंचात), त्याचं काडतूसही ब्राउनिंगचंच, १८९९ चं, आणि इतकं सौम्य की नळी अडकवायची भानगड लागत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागतं.